उपरण्याखालचा हात

घोडेगावच्या बाजारात अण्णांचा उजवा हात उपरण्याखाली गेला की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. समोर बैल घेणारा उभा असायचा आणि त्याचाही हात त्याच उपरण्याखाली. दोघं एकमेकांची बोटं धरून भाव करायचे. वर मात्र विहिरीच्या पाण्याची, लेकीच्या लग्नाची चौकशी चाललेली. भोवती जमलेल्यांना आकडा कळू नये म्हणून ही पद्धत. हात दिसत नाही तर निदान तोंडावर काही उमटेल, असं मला लहानपणी वाटायचं. अण्णांच्या तोंडावर कधी काही उमटलं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमची शेती होती, पण त्यांचा जीव बाजारात. बैलजोडी घ्यायची तर पार श्रीगोंद्याकडची माणसंही आधी त्यांना गाठत. ते बैलाच्या जबड्यात हात घालून दात बघत, खुरांवरून बोट फिरवत आणि विकणाऱ्याला एकच विचारत, "खोड काय?" मारका असेल, रस्त्यात बसत असेल, पाण्याला बुजत असेल, जे असेल ते आधी सांगायचं. खोड सांगितल्याशिवाय ते कुणाला दावं हातात घेऊ देत नसत. बैल स्वतःचा असला तरी हाच नियम.

शेवटी बैल ओढीला लावायचा. गाडीत सात-आठ माणसं बसवायची, गाडीची दोन्ही चाकं साखळीनं जखडायची आणि म्हणायचं, आता ओढ. उभा असताना देखणा दिसणारा बैल इथे उघडा पडतो. काही लबाड विकणारे त्या दिवशी सकाळी बैलाला गूळ-दारू पाजून आणत. मग तो तासभर सिंहासारखा ओढतो आणि नव्या मालकाच्या दारात जाऊन मान टाकतो. म्हणून अण्णा आधी बैलाच्या तोंडाचा वास घेत. त्यांचे बाजारातले जोडीदार, ज्यांना मी चाचा म्हणते, ते तेव्हा मला हळूच म्हणायचे, "बघ बेटी, तुझा बाप बैलाचा मुका घेतोय."

मला हे सगळं सुट्टीत बघायला मिळे. एरवी मी नगरला, मिशनच्या शाळेच्या बोर्डिंगात. तिथे मराठी बोलायची बंदी होती आणि घरी आले की माझ्या मराठीला चुलतभाऊ हसत. "मड्डम आल्या, मड्डम," म्हणत. दोन्हीकडे कमी बोललेलं बरं, हे मला लवकर समजलं. मी बघत बसायचे. अण्णांना वाटे, पोरगी शहाणी आहे म्हणून गप्प असते. तसं काही नव्हतं.

ही गोष्ट घडली त्या वर्षी मी नगरलाच कॉलेजात होते. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता आणि वैरण संपल्यामुळे माणसं गोठे रिकामे करत होती. बाजार कधी नव्हे इतका भरायचा. नाइलाजानं विकणाऱ्याला कुणीही फसवावं अशी परिस्थिती. अण्णा पहाटे जात ते अंधार पडल्यावर येत. "मी न्हाई गेलो तर लुटत्याल त्यांना," म्हणत. ते खोटं नव्हतं.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. चढावर एक बैल चालवून बघताना ते मध्येच थांबले आणि खाली वाकून त्याचं खूर बघायला लागले. थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबले, पुन्हा तेच खूर. मी नीट बघितलं. त्यांचे डोळे खुरावर नव्हतेच, मिटलेले होते, आणि डावा हात बंडीच्या आत छातीवर होता. कपाळाला घाम. क्षणभरानं ते उठले आणि समोरच्याला म्हणाले, "खूर झकास हाय."  त्या दिवसापासून मला स्वस्थ बसवेना. ते जेवून उठले की मी बघायचे, चालले की किती वेळा थांबतात ते मोजायचे. दारात त्यांची पायताणं वाजली की सुटल्यासारखं व्हायचं, आणि लगेच पुढच्या बाजाराची काळजी सुरू.

शेवटी आईला सांगितलं. आईनं चाचांना सांगितलं. चाचांनी अण्णांना सरळ सायकलवर डबलसीट घातलं आणि बसस्टँडवर आणलं.

नगरच्या डॉक्टरांनी छातीला, हातापायांना तारा लावून हृदयाचा आलेख काढला. आलेख चांगला आला. अण्णा खूश. तो लांबट कागद त्यांना घरी न्यायचा होता, आईला दाखवायला. डॉक्टर म्हणाले, "पाटील, हा तुम्ही पडून असतानाचा कागद आहे. दुखतं कधी? चढावर ना?"

अण्णांनी कागद परत टेबलावर ठेवला. मग नाइलाजानं म्हणाले, "खरं हाय. उभ्या बैलाचं मोल कुनी करत न्हाई."

डॉक्टरांचा एक वर्गमित्र मुंबईला मोठ्या इस्पितळात होता. परदेशात शिकून आला होता आणि हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोचतं हे बघायची एक नवी तपासणी करून बघत होता. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. बरोबर छोट्या गोळ्यांची एक बाटली दिली. दुखलं की एक जिभेखाली ठेवायची, लगेच आराम पडतो. आम्ही निघताना ते जे बोलले त्यावरच पुढचं सगळं अवलंबून होतं. "ओझ्याखालीही रक्त नीट पोचत असलं तर खुशाल बाजार करा. पोचत नसलं, तर बाजार बंद. नाहीतर एक दिवस तिथेच खाली बसाल आणि उठणार नाही."

बसमध्ये अण्णा त्यातलं पहिलं वाक्य तेवढं मला पुन्हा पुन्हा ऐकवत होते.

तपासणीत काय करतात हे मी घरी सांगितलं तिथेच चुकलं. शिरेतून किरण सोडणारा एक पदार्थ घालतात, तो अणूच्या भट्टीतून येतो, असं मी म्हणाले. आई उभीच राहिली. "अनू म्हंजे बाँब? ह्यांच्या अंगात बाँब घालनार?"

"बाँब नाही गं. चिमूटभर असतं. तीन-चार दिवसांत आपोआप विझून जातं."

"आन विझलंच न्हाई तर?"

चाचा म्हणाले, "मग कंदिलाचं रॉकेल वाचंल, वहिनी. रातच्याला ह्यालाच खुंटीला टांगा." आई त्यांच्यावर खेकसली, पण चहा ठेवायला आत गेली. म्हणजे जायला हरकत नव्हती.

मुंबईला मी आणि अण्णा दोघंच गेलो. चाचांना बाजार सोडता येईना. इस्पितळाजवळच्या धर्मशाळेत आम्हाला एक खोली मिळाली. तपासणीचा विभाग इस्पितळाच्या तळघरात होता. इथले डॉक्टर, म्हणजे तो वर्गमित्र, दक्षिणेकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी बेताचं. अण्णांनी मला पुढे ढकललं. "माझी लेक बोलंल. लई इंग्रजी शिकलीय." माझे कान तापले. शाळेत इंग्रजीतून कविता म्हटल्या होत्या, निबंध लिहिले होते, पण वडिलांच्या छातीत काय होतं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून मला समजावलं. हृदय सगळ्या अंगाला रक्त ढकलतं, पण त्याच्या पोटातल्या रक्तावर त्याचा स्वतःचा गुजारा होत नाही. त्याच्या स्नायूला रक्त पुरवायला बाहेरून बारीक नळ्या असतात. त्या अरुंद झाल्या की आरामात असताना भागतं, कष्टात भागत नाही. मी हे मराठीत कसंबसं सांगितलं. अण्णांनी चित्रातल्या नळ्यांवरून बोट फिरवलं.

"म्हंजे मोटंवरचा बैल," ते म्हणाले. "सगळ्या रानाला पानी वढतो, आन त्यालाच प्यायला मिळत न्हाई."

मी ते डॉक्टरांना इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. मोट म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, अगदी बरोबर. अण्णांना एवढं इंग्रजी कळलं आणि ते माझ्याकडे असं बघायला लागले, जणू त्यांनीच परीक्षा पास केली होती.

शिरेतून घालायचा पदार्थ पोटॅशियमचाच एक प्रकार. जिवंत स्नायू पोटॅशियम ओढून घेतो. जिथे रक्त जास्त पोचतं तिथे तो जास्त जमा होतो. मग वरून एक यंत्र फिरवून तो कुठे किती आहे ते मोजायचं. "पोटॅश?" अण्णांनी विचारलं. "उसाला टाकतो त्योच?" मी म्हटलं, त्याचा भाऊ. "मग काय भ्यायचं," ते म्हणाले आणि बाही वर केली.

दोन चित्रं काढायची होती. एक आरामात पडून, एक कष्ट देऊन. मध्ये तीन-चार दिवस सोडायचे, म्हणजे पहिला पदार्थ विझून गेलेला असतो.

पहिलं चित्र निघालं तेव्हा मी जाड काचेच्या मागे बसून होते. अण्णा फळीवर उताणे. त्यांच्या छातीवर शिशाचं जड डोकं असलेला यंत्राचा हात. तो डावीकडून उजवीकडे सावकाश सरकायचा, जरासा खाली उतरायचा आणि उजवीकडून डावीकडे यायचा. शेत नांगरल्यासारखं. बाजूच्या कागदावर एक छोटी हातोडी ठिपके उठवत होती. किरण जास्त सापडले की टकटक घाईनं चाले, कमी सापडले की थांबत थांबत. मला वाटायचं, थांबू नये.  किती तरी वेळ हे चाललं. अण्णा इतके निश्चल पडून होते की मी मध्येच उठून काचेला नाक लावून बघितलं.

कागदावर ठिपक्यांचा एक नाल तयार झाला होता. घोड्याचा असतो तसा, एका बाजूनं उघडा, बाकी भरगच्च. डॉक्टर म्हणाले, उत्तम. अण्णांनी माझ्याकडून तो शब्द वदवून घेतला आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "झालं की. चल घरी."

"हा उभा बैल आहे, अण्णा."

त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

मधले दिवस जाता जाईनात. खोलीत त्यांना बसवेना. ते इस्पितळाच्या फाटकाशी उभे राहून व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे बघायचे. "ह्यो पुढचा डावा पाय राखून टाकतोय. मालकाला सांग." मी म्हणे, अण्णा, आपल्याला काय करायचंय? "आपल्याला न्हाई, घोड्याला करायचंय." आणि स्वतः जाऊन सांगून आले. गाडीवाला त्यांच्यावर ओरडला. ते परत आले, पण पन्नासेक पावलांच्या त्या चालीत मध्येच थांबून त्यांनी पायताणाचा अंगठा नीट केला. अंगठा नीटच होता.

रात्री ते मला म्हणाले, "ह्या बाजाराला किती माल आला आसंल गं?" मी म्हटलं, चाचा आहेत ना. "त्यो बोलंल गोड. पन भाव पाडनाऱ्याच्या म्होरं त्याला उभं राहाता येत न्हाई." थोड्या वेळानं अंधारातच, "बाजार बंद म्हंजे काय करायचं मानसानं? वट्यावर बसून माश्या मारायच्या?"

 तेव्हा मला एक कळलं. मला ज्या चित्राची भीती वाटत होती त्याचीच त्यांनाही वाटत होती, पण वेगळ्या कारणानं. मला वाटत होतं, चित्र वाईट निघेल आणि अण्णा जातील. त्यांना वाटत होतं, चित्र वाईट निघेल आणि बाजार जाईल.

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बजावलं, उद्या सकाळपासून ती जिभेखालची गोळी घ्यायची नाही. तिनं नळ्या सैल होतात, मग चित्र खोटं येतं. घेतलीच तर त्यांना सांगायचं. मी शब्दन् शब्द अण्णांना सांगितला. "समजलं," ते म्हणाले. किती नीट समजलं होतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी आम्ही तळघरातल्या बाकावर बसलो होतो. अण्णांनी धुतलेलं धोतर, नवी बंडी आणि उपरणं घेतलं होतं, बाजाराला जाताना घेतात तसं. आत जागच्या जागी फिरणारी एक सायकल दिसत होती. तिच्या चाकाला पट्टा होता, तो हळूहळू आवळत नेतात. अण्णांनी दारातूनच ती न्याहाळली. "चाकं बांधल्यात," ते म्हणाले आणि हसले. मग उपरणं मांडीवर नीट पसरलं. त्यांचा उजवा हात उपरण्याखाली गेला.

मी सवयीनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तोंडावर काही नव्हतं. ते भिंतीवरचं घड्याळ बघत होते. पण बाजारात त्या कापडाच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक माणूस असायचा. इथे कुणी नव्हतं. कापड हललं. मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला, तो तोंडापाशी जरा रेंगाळला आणि खाली आला.

"अण्णा?" मी म्हणाले.

"हं."

जन्मभर ज्यांचं तोंड बंद झालं नाही ते अण्णा "हं" म्हणाले, ओठ न उघडता. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. ती गोळी घेतली की त्यांचं डोकं ठणकायचं, हे मी घरीच पाहिलं होतं. दोन बोटांनी त्यांनी कानशील दाबलं.

तेवढ्यात आत बोलावलं. त्यांना सायकलवर बसवलं, धोतर वर खोचलं, छातीला तारा लावल्या. एका मदतनिसानं शिशाच्या जाड डब्यातून सुई भरून आणली आणि तीही शिशाच्या आवरणात ठेवली. तो पदार्थ त्या सकाळीच आला होता, अण्णांसाठी म्हणून. कष्ट टिपेला गेले की तो शिरेत सोडायचा. एकदा सोडला की झालं, मागे घेता येत नाही.

डॉक्टरांनी मला विचारलं, सकाळपासून गोळी घेतली आहे का?

मी मराठीत विचारलं, "गोळी घेतली का, अण्णा?"

त्यांनी मान हलवली. नाही. ओठ मिटलेले. डॉक्टर अण्णांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. माझ्या उत्तराची वाट बघत होते.

 मोठ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडणं आमच्या घरात कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तर कधी साधं वर तोंड करूनही बोलले नव्हते. इंग्रजीत एक शब्द बोलायचा होता, 'नो'. पाहुण्यांना आणखी वाढू का विचारल्यावर ते म्हणतात तितका सोपा. तो बोलले असते तर चित्र चांगलं आलं असतं आणि अण्णा बाजाराला गेले असते. त्या चढावर. ते खूर बघायला वाकले असते.

मी डॉक्टरांना काहीच बोलले नाही. सायकलच्या जवळ गेले आणि अण्णांना म्हणाले, "खोड सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा आवाज इतका बारीक आला होता की त्यांना ऐकूच गेलं नसेल असं मला वाटलं, म्हणून पुन्हा म्हणाले, "खोड सांगितल्याशिवाय दावं द्यायचं नसतं. तुम्हीच म्हणता."

खोलीत कुणाला काही कळत नव्हतं. मदतनीस सुई धरून उभा. अण्णांचा चेहरा आधीच लाल होता, तो आणखी लाल झाला. मला वाटलं, आता ते तारा ओढून काढतील. त्यांची नजर मी ओळखत होते. गूळ-दारू पाजलेला बैल सापडला की विकणाऱ्याकडे ती नजर जायची. आता ती कुणाकडे टाकावी हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

मग त्यांनी डॉक्टरांकडे तोंड केलं, जबडा उघडला आणि जीभ वर उचलली. जिभेखाली गोळीचा पांढरा चुरा अजून होता.

"बघा," ते म्हणाले, बोबडं. "गूळ-दारू."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, गोळी घेतलीय, आत्ताच, बाहेर बाकावर. बाकीचं मी इंग्रजीत सांगितलं नाही. डॉक्टर रागावले नाहीत. सुई परत डब्यात गेली. गोळीचा असर उतरेपर्यंत थांबू, म्हणाले. पदार्थ तोवर थोडा विझेल, पण पुरेल.

आम्ही पुन्हा त्याच बाकावर बसलो. दुपारपर्यंत.  मी माझ्या नखांकडे बघत होते. एकदा फक्त अण्णा म्हणाले, "इंग्रजी शिकवली ती ह्याच्यासाठी व्हय?" मी म्हणाले, "मराठीतच बोलले." त्यावर त्यांच्या नाकातून काहीतरी आवाज आला. तो रागाचा की हसण्याचा, मला समजलं नाही.

दुपारी ते सायकल चालवायला लागले. पट्टा आवळत गेला. आधी ते तोऱ्यात होते, मग गप्प, मग त्यांचा डावा हात आपोआप छातीकडे गेला. आता खूर बघायला जागा नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सांग त्याला. दुखतंय." मी सांगितलं. सुई शिरेत गेली. अजून थोडा वेळ चालवा, डॉक्टर म्हणाले, आणि तो थोडा वेळ मला संपेचना. मी सायकलची मूठ धरून उभी होते. ती धरून काही उपयोग नव्हता.

मग फळी, शिशाचं डोकं आणि टकटक. या वेळी मी खुर्चीवर बसलेच नाही. हातोडी एका कडेला आली की अडखळायची, पुढे जायची, पुन्हा त्याच कडेला अडखळायची. चित्र हातात यायच्या आधी मला समजलं होतं. नालाचा पुढचा भाग झिजल्यासारखा विरळ झाला होता. तिथे ठिपके होते, पण मोजके, दुष्काळातल्या पिकासारखे.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. अण्णांना समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यांनी विरळ जागेवर बोट ठेवलं. "हितं," ते म्हणाले. "हितंच वढ लागती."

औषधं मिळाली. ओझं नाही, चढ नाही, जनावर ओढणं नाही. चार महिने बाजाराचं नावही नाही. पुढचं औषधांचा गुण बघून ठरवू, असं डॉक्टर म्हणाले. मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. बसमध्ये अण्णा खिडकीशी बसले आणि नगर येईपर्यंत बाहेर बघत राहिले. रस्त्याकडेला चालवत नेलेली जनावरं दिसली की त्यांची मान वळायची आणि जनावरं मागे पडली तरी तशीच राहायची.

घरी आई त्यांच्या अंगाला हात लावून बघत होती, गरम लागतंय का ते. चाचांनी रात्री दिवा मालवून खात्री करून घेतली. "न्हाई चमकत. पैसे फुकट गेले."

चार महिने त्यांनी पाळले. ते कसे पाळले हे आम्हालाच ठाऊक. ओट्यापासून फाटकापर्यंतची माती त्यांच्या येरझाऱ्यांनी गुळगुळीत झाली. बाजाराच्या दिवशी ते कुणाशी बोलत नसत. त्यांना भेटायला कुणी बैल घेऊन आलं तर आई फाटकातच अडवायची.

मुदत संपली त्या बाजाराला मी घरी होते. चाचा पहाटेच बैलगाडी जुंपून दारात आले. अण्णा ओट्यावर, धुतलेलं धोतर, उपरणं. डॉक्टरांना विचारून घ्यायचं अजून बाकी होतं. नगरला जायचं पुढच्या आठवड्यात ठरलं होतं. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. गाडीच्या बैलांकडे बघत ते म्हणाले, "नुसता बसून येतो. हात लावत न्हाई कशाला."

आई आतून म्हणाली, "आवं, लेकीला इचारा. ती म्हनंल तसं."

अण्णांनी मला शेजारी बसायला खूण केली. मग उपरणं आमच्या दोघांच्या मध्ये पसरलं आणि त्याखाली हात घातला. "घाल हात," ते म्हणाले. "किती बाजार, बोल."

बाईनं त्या कापडाखाली हात घातलेला मी कधी बघितला नव्हता. चाचा गाडीवरून हसायला लागले. मी हात घातला. अण्णांनी माझी बोटं धरली, एक एक करून, महिन्याचे किती बाजार ते सांगायला. वर ते चाचांना विचारत होते, "कडब्याची पेंढी काय भावानं चाललीय?" तोंडावर काहीही नाही. पण हात ओला होता, घामानं.  कापडाखाली तो नेहमीच असा असायचा की त्याच दिवशी होता, हे मला आजही माहीत नाही.

मी त्यांची बोटं एक एक करून सोडवली. ते पुन्हा धरायला आले. मी पुन्हा सोडवली. चाचा म्हणाले, "मेमसाब घासाघीस करतीय वाटतं." शेवटी एका बोटापाशी अण्णा थांबले आणि ते सोडेनात. मीही सोडवलं नाही. पण दुसऱ्या हातानं नगरच्या रस्त्याकडे खूण केली. आधी डॉक्टर.

 अण्णांनी हात बाहेर काढला आणि उपरण्याला पुसला.

"काय ठरलं?" आईनं दारातून विचारलं.

"उपरन्याखालचं भाईर सांगत नसत्यात," अण्णा म्हणाले. मग चाचांना म्हणाले, "तू जा. आन गाडीच्या त्या धाकट्या खोंडाचं दावं सैल कर, मानेला काचतंय."

चाचांनी दावं सैल केलं आणि ते एकटेच गाडी घेऊन फाटकातून गेले.